सिमेंटच्या कारखान्यातला मारिओ

अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात, विल्मिंग्टन शहरापासून जवळ, कॅसल हेन नावाचं गाव आहे. तिथे आयडियल सिमेंट कंपनीचा एक बंद पडलेला कारखाना उभा होता. १९९२ च्या उन्हाळ्यात त्या कारखान्याच्या पोटात एक अख्खं शहर बांधलं गेलं. अनेक मजल्यांच्या इमारती, निऑनच्या पाट्या, गंजलेल्या मोटारी, डोक्यावरून जाणाऱ्या विजेच्या तारा आणि सगळ्यावर लोंबणारी चिकट बुरशी. हे शहर उभारणारा डेव्हिड स्नायडर ‘ब्लेड रनर’चा कलादिग्दर्शक होता. कॅमेरा डीन सेमलरकडे होता. ‘डान्सेस विथ वुल्व्हज’साठी त्याला नुकतंच ऑस्कर मिळालं होतं. शहराचं नाव ठेवलं होतं डायनोहॅटन, आणि चित्रपटाचं ‘सुपर मारिओ ब्रदर्स’.

ज्या खेळावरून हा चित्रपट निघाला, त्यात निळं आकाश आहे, पांढरे ढग आहेत, हिरव्या टेकड्या आहेत, उड्या मारत नाणी गोळा करणारा एक मिशीवाला आहे. चित्रपटात आकाश जवळपास दिसतच नाही. त्या खेळापासून या शहरापर्यंत माणसं पोचली कशी, ही कथा मला फार वर्षं खुणावते आहे. चित्रपट आपटला, नटांनी त्याला नावं ठेवली, समीक्षकांनी झोडपलं, इतकं सगळ्यांना माहीत असतं. पण तो भरकटला कसा हे बारकाईने पाहिलं, तर खेळ आणि गोष्ट या दोन गोष्टींमधलं अंतर जितकं इथे स्पष्ट होतं तितकं दुसरीकडे कुठे होत नाही.

मारिओपासूनच सुरुवात करायला हवी. १९८१ मध्ये निन्टेन्डोच्या शिगेरू मियामोटो या तरुण चित्रकाराने ‘डाँकी काँग’ हा खेळ रचला. त्यातल्या नायकाला धड नावही नव्हतं. जंपमॅन, म्हणजे उड्या मारणारा माणूस, एवढीच त्याची ओळख. त्या काळच्या पडद्यावर मोजक्याच ठिपक्यांत माणूस काढायचा असे. तोंड काढायला ठिपके पुरत नाहीत म्हणून मिशी आली. केस हलताना दाखवणं अवघड म्हणून डोक्यावर टोपी आली. हात हलताना वेगळे दिसावेत म्हणून वेगळ्या रंगाचा सदरा आणि वर पट्ट्यांची विजार आली. मारिओ हे नाव अमेरिकेतल्या निन्टेन्डोच्या गोदामाच्या मालकावरून पडलं. सुरुवातीला तो सुतार होता. १९८३ च्या ‘मारिओ ब्रदर्स’मध्ये न्यूयॉर्कच्या गटारांत उतरला आणि प्लंबर झाला. सप्टेंबर १९८५ मध्ये ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ आला. मियामोटो आणि ताकाशी तेझुका यांनी त्याचे टप्पे आलेखाच्या कागदावर चौकोन भरून आखले होते.

या माणसाच्या अंगावरची प्रत्येक गोष्ट तांत्रिक गरजेतून आली आहे. त्याला भूतकाळ नाही, घर नाही, कुठली जखम नाही. खेळासोबतच्या पुस्तिकेत चार ओळींची गोष्ट होती: कूपा या दुष्टाने मश्रूमच्या राज्यातल्या शांत प्रजेला जादूने दगड, विटा आणि रानटी झुडपं करून टाकलं आहे, राजकन्या सुटली तरच ते पुन्हा माणसात येतील. ही पुस्तिका फार कमी मुलांनी वाचली असेल. बटण जास्त वेळ दाबलं की मारिओ जास्त उंच उडतो, कासवावर उडी मारली की कासव कवचात जातं, अळंबी खाल्ली की मारिओ मोठा होतो. का, असं कोणी विचारत नाही. खेळाला नियम लागतात, कारणं लागत नाहीत.

महाराष्ट्रातल्या ज्या मुलांनी नव्वदच्या दशकात टीव्हीला तो खोका जोडून मारिओ खेळला, त्यांच्याकडे तर पुस्तिकाही नव्हती. निन्टेन्डोच्या खेळयंत्राच्या स्वस्त नकला बाजारात होत्या. ज्याला आपण ‘कॅसेट’ म्हणायचो, त्या एका कॅसेटमध्ये शेकडो खेळ असल्याचं वर छापलेलं असे, आणि तासाच्या भाड्याने खेळू देणारी दुकानं गल्लोगल्ली होती. मारिओ कुठला, राजकन्या कोण, हे माहीत नसतानाही तो खेळ पूर्ण समजत होता. गोष्ट काढून घेतली तरी खेळ शाबूत राहतो, याचा इतका मोठा पुरावा दुसरा नसेल.

चित्रपटवाल्यांना मात्र गोष्ट हवी होती. मारिओवरचा पहिला चित्रपट जपानमध्येच जुलै १९८६ मध्ये आला होता. तो अॅनिमेशनपट होता, राजकन्या पीचच्या सुटकेची मोहीम सांगणारा, आणि जपानबाहेर फारसा कोणी पाहिला नाही. हॉलिवुडमधून या नावामागे जो माणूस लागला त्याचं नाव ऐकून आजही आश्चर्य वाटतं: रोलँड जॉफी. ‘द किलिंग फील्ड्स’ आणि ‘द मिशन’ या चित्रपटांचा दिग्दर्शक. ‘द मिशन’ला १९८६ चा कान महोत्सवाचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला होता. त्याचा भागीदार जेक एबर्ट्‌स हा गोल्डक्रेस्ट या ब्रिटिश चित्रसंस्थेचा संस्थापक. अॅटनबरोंच्या ‘गांधी’मागे सुरुवातीचा पैसा उभा करणाऱ्यांत ही संस्था होती. तोच ‘गांधी’, ज्याचं काही चित्रीकरण पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये झालं आणि ज्याला आठ ऑस्कर मिळाली. मारिओच्या आधीच जॉफी आणि एबर्ट्‌स यांनी कोलकात्यात ओम पुरी आणि शबाना आझमी यांना घेऊन ‘सिटी ऑफ जॉय’ केला होता. ही माणसं सवंग कमाईच्या मागे लागलेली नव्हती. हे लक्षात ठेवायला हवं, कारण खेळांवरचे चित्रपट बिघडतात ते करणाऱ्यांच्या मनात खेळाबद्दल तुच्छता असते म्हणून, असं सरसकट म्हटलं जातं. इथे ते लागू पडत नाही.

जॉफी क्योटोला गेला आणि निन्टेन्डोचे अध्यक्ष हिरोशी यामाउची यांना भेटला. मोठ्या स्टुडिओपेक्षा छोट्या कंपनीकडे हक्क दिले तर निन्टेन्डोचा शब्द अधिक चालेल, असं त्याने त्यांना पटवलं. सुमारे २० लाख डॉलरना व्यवहार ठरला. खेळणी आणि वस्तूंचे हक्क निन्टेन्डोने स्वतःकडेच ठेवले. पटकथेच्या बाबतीत मात्र त्यांनी हात आखडता घेतला. खेळ आमचा, चित्रपट तुमचा, असा त्यांचा एकूण पवित्रा होता. मारिओ इतका मोठा आहे की एका चित्रपटाने त्याला काही होणार नाही, हा विश्वास त्यांना होता. आणि तो खराही ठरला.

मग पटकथांची रांग लागली. पहिली बॅरी मॉरो याची. ‘रेन मॅन’साठी ऑस्कर मिळवलेला हा लेखक दोन भावांच्या नात्याची गोष्ट लिहू लागला. ती बाजूला पडली. नंतर जिम जेनेवाइन आणि टॉम पार्कर यांनी परीकथेसारखी, खेळाच्या जवळची पटकथा लिहिली आणि ग्रेग बीमन दिग्दर्शन करणार होता. तीही गेली. मग आले रॉकी मॉर्टन आणि अॅनाबेल जँकेल. ब्रिटिश दूरचित्रवाणीवर ‘मॅक्स हेडरूम’ या संगणकी निवेदकाची निर्मिती करून या जोडीने नाव कमावलं होतं. त्यांना परीकथा नको होती. खऱ्या जगात घडलेली एक घटना असावी आणि जपानी खेळवाल्यांनी तिच्यावरून पुढे गोड खेळ बनवला असावा, अशी त्यांची कल्पना होती.

ही कल्पना ऐकायला हुशार आहे, आणि सगळं पुढचं तिथून घडलं. कारण आता प्रत्येक गोष्टीला मूळ शोधावं लागणार होतं. पार्कर बेनेट आणि टेरी रन्टी या लेखकांनी १९९० च्या ‘सुपर मारिओ वर्ल्ड’मधून डायनासोर उचलले, त्या खेळात योशी नावाचा हिरवा डायनासोर आणि डायनासोरांचा मुलूख आहेच. त्यावरून सिद्धांत रचला गेला: साडेसहा कोटी वर्षांपूर्वी उल्का पडली तेव्हा विश्वाचे दोन भाग झाले, डायनासोर दुसऱ्या भागात गेले आणि तिथे उत्क्रांत होऊन माणसासारखे झाले. त्यांचा राजा म्हणजे डेझी या राजकन्येचा बाप. कूपाने त्याची उलटी उत्क्रांती करून त्याला बुरशी बनवून टाकलं आहे, आणि तीच बुरशी सगळ्या शहरावर पसरून मारिओ भावांना मदत करते.

ही बुरशी खेळाशी संबंध नसलेली म्हणून हिणवली गेली. मला ती पाहताना पुस्तिकेतली ती ओळ आठवते: प्रजेचे दगड, विटा, झुडपं झाली. पटकथाकारांनी खेळ वाचला होता, फार बारकाईने वाचला होता. आणि जिथे खेळ गप्प बसतो तिथे ते बोलत सुटले. खेळातले गूम्बा हे पाय असलेले तपकिरी अळंबीचे गोळे आहेत. चित्रपटात ते अवाढव्य देहाचे, इवल्याशा डोक्याचे सरडेसैनिक झाले, आणि ते तसे का, तर उलट्या उत्क्रांतीच्या यंत्रात बसवल्यामुळे. भावांची नावं मारिओ आणि लुइजी, मग ‘मारिओ ब्रदर्स’ कसे? म्हणून आडनाव मारिओ ठेवलं. थोरला मारिओ मारिओ झाला.

सगळ्यांत मोठी गोष्ट उडीची. मारिओ म्हणजे उडी. त्याचं पहिलं नावच त्यावरून होतं. पण खऱ्या जगातला पन्नाशीचा प्लंबर दहा फूट उडेल कसा? म्हणून चित्रपटात बुटांचं एक यंत्र आलं, ज्यात स्फोटाची नळी भरावी लागते. त्या बुटांशिवाय मारिओ तशी उडी मारत नाही. त्याचा ओळखीचा लाल पोशाखही खूप उशिरा अंगावर येतो, आणि तोही का आला याचं कारण देऊन. मुलं थिएटरात गेली ती उडी पाहायला. त्यांना उडीचा खुलासा पाहायला मिळाला.

पैसा कमी पडू लागला तसा डिस्नेच्या हॉलिवुड पिक्चर्सने वितरण घेतलं आणि त्यांच्या अटी सुरू झाल्या. डिक क्लेमेंट आणि इयन ला फ्रेने या अनुभवी ब्रिटिश जोडीने लिहिलेली पटकथा वाचून बॉब हॉस्किन्स, डेनिस हॉपर, फिओना शॉ या नटांनी होकार दिला होता. कॅसल हेनमधलं शहरही त्याच पटकथेप्रमाणे बांधलं जात होतं. चित्रीकरण तोंडावर आलं असताना निर्मात्यांनी एड सॉलोमनकडून ती पुन्हा लिहून घेतली, हलकीफुलकी, मुलांना चालेल अशी. दिग्दर्शकांना या लिखाणात जवळपास स्थान नव्हतं. म्हणजे सेट एका पटकथेचे, नट तिच्याच भरवशावर आलेले, आणि संवाद दुसऱ्या पटकथेचे. चित्रीकरण चालू असताना बदल होतच राहिले. दर बदलाला वेगळ्या रंगाचा कागद वापरायची हॉलिवुडची रीत आहे. नटांच्या हातातल्या पटकथा सप्तरंगी झाल्या. आदल्या दिवशी पाठ केलेलं सकाळी बदललेलं असे. हॉपरने यावरून दिग्दर्शकांशी बराच वेळ वाद घातल्याच्या आठवणी सेटवरच्या लोकांनी सांगितल्या आहेत.

हॉस्किन्स हा आधीच मान्यवर नट. ‘मोना लिसा’साठी त्याला कानमध्ये सर्वोत्तम अभिनेत्याचा मान मिळाला होता. आपण खेळातल्या पात्राची भूमिका करतो आहोत हे त्याला मुलाकडून कळलं. पुढे त्याने हा आपल्या आयुष्यातला सर्वांत वाईट चित्रपट असल्याचं मुलाखतीत साफ सांगितलं. लुइजी झालेल्या जॉन लेग्विझामोने आत्मचरित्रात कबूल केलं आहे की दिवस ढकलण्यासाठी दोघे दृश्यांच्या मधल्या वेळात दारू पीत. एका प्रसंगात गाडीच्या दारात हॉस्किन्सचं बोट सापडून मोडलं. चित्रीकरण ठरल्यापेक्षा कित्येक आठवडे लांबलं. शेवटी संपादनाच्या खोलीतूनही मॉर्टन आणि जँकेल यांना बाजूला काढण्यात आलं.

तरी या गोंधळात जे हातांनी घडवलं गेलं ते उत्तम होतं, हे म्हणायलाच हवं. यंत्रावर चालणारा योशी इतका जिवंत आहे की त्याचा श्वास जाणवतो. फ्लेम या संगणकप्रणालीचा चित्रपटातला अगदी पहिल्यापहिल्यांतला वापर इथे झाला. ठिपके ठिपके होऊन विरघळणारी माणसं त्यातून आली. त्या शहराच्या रस्त्यावर कॅमेरा नुसता फिरतो तेव्हा चित्रपट विसरून बघत राहावंसं वाटतं.

२८ मे १९९३ रोजी तो प्रदर्शित झाला. खर्च सुमारे ४ कोटी ८० लाख डॉलर, अमेरिकेतली कमाई जेमतेम २ कोटी १० लाख. दोनच आठवड्यांनी ‘जुरासिक पार्क’ आला. डायनासोर पाहायचे तर कुठे जायचं, हा प्रश्न प्रेक्षकांपुढे उरला नाही.

मियामोटोने नंतर या चित्रपटाबद्दल जे म्हटलं ते मला या सगळ्या इतिहासातलं सर्वांत मोलाचं विधान वाटतं. चित्रपट खेळापासून दूर गेला, अशी त्याची तक्रार नव्हती. तो खेळाच्या फार जवळ जायला गेला, त्यामुळे स्वतःच्या पायावर उभा राहणारा मजेदार चित्रपट न होता खेळाविषयीचा चित्रपट झाला, ही त्याची खंत होती. सगळं जग म्हणत होतं, हा मारिओच नाही. मारिओचा जन्मदाता म्हणत होता, यांनी मारिओला सोडलंच नाही. दोन्ही खरं आहे. खेळातली एकही खूण न सोडता प्रत्येकीला कारण चिकटवायचं ठरवलं की खूण राहते आणि खेळ जातो.

दीड वर्षात हाच प्रश्न दुसऱ्या रूपात उभा राहिला. कॅपकॉमचा ‘स्ट्रीट फायटर टू’ १९९१ मध्ये आला तेव्हा त्यात बारा लढवय्ये होते, नव्या आवृत्त्यांनी ते सोळावर नेले. प्रत्येकाचा देश वेगळा, मारण्याची तऱ्हा वेगळी. समोरासमोर उभे राहतात आणि लढतात. त्यापलीकडे त्यांना एकमेकांशी नातं नको असतं. ‘डाय हार्ड’च्या पटकथाकारांपैकी एक, स्टीव्हन डी सूझा, याला हे चित्रपटात बसवायचं होतं. थोडीच पात्रं घ्यावीत, नाहीतर कोणीच लक्षात राहणार नाही, असं त्याचं म्हणणं. पैसा घालणाऱ्या कॅपकॉमला जवळपास सगळी हवी होती. म्हणून प्रत्येकाला काही तरी नोकरी द्यावी लागली. खेळातले नायक र्यू आणि केन शस्त्रांच्या व्यवहारात फसवणूक करणारे भुरटे झाले. चुन-ली वार्ताहर झाली, मुष्टियोद्धा बालरॉग तिचा कॅमेरामन. मुख्य भूमिका अमेरिकन सैनिक गाइलची, कारण ती ज्याँ-क्लोद व्हान डॅमला दिली होती.

आपल्याकडच्या मुलांना खटकली असेल ती ढालसिमची गत. खेळातला ढालसिम हा भारतीय योगी. गळ्यात कवट्या, तोंडातून आग, आणि हात-पाय पडदाभर लांबतात. परदेशी कल्पनेतला भारत तो, पण खेळताना त्याच्या लांब हातांची मजा काही औरच. चित्रपटात तो शास्त्रज्ञ आहे, कैदेत ठेवलेला, एका सैनिकाला राक्षस बनवण्याचं काम जबरदस्तीने करणारा. भूमिका केली रोशन सेठ यांनी, ‘गांधी’तल्या नेहरूंनी. या खेळ-चित्रपटांच्या इतिहासात ‘गांधी’ पुन्हा पुन्हा डोकावतो: एबर्ट्‌स मारिओचा निर्माता, सेठ ढालसिम, आणि खुद्द बेन किंग्जले नंतर ‘ब्लडरेन’ आणि ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ या खेळांवरच्या चित्रपटांत खलनायक. सेठ यांनी त्या शास्त्रज्ञाला अपराधीपणाचं खरं ओझं दिलं आहे. गजबजलेल्या त्या चित्रपटात ती काही मिनिटं गंभीर आहेत.

आणि दुसरा गंभीर माणूस म्हणजे राउल जुलिआ. पोटाच्या कर्करोगाने खंगलेला हा थोर रंगभूमीचा नट जनरल बायसनच्या भूमिकेला तयार झाला, कारण त्याच्या मुलांना तो खेळ आवडायचा. बँकॉकला तो आला तेव्हा इतका वाळला होता की त्याची जवळून घ्यायची दृश्यं पुढे ढकलावी लागली. आपण वाईट चित्रपटात आहोत अशी एकही रेषा त्याच्या चेहऱ्यावर नाही. शेक्सपिअरच्या राजासारखा तो बायसन बोलतो. २४ ऑक्टोबर १९९४ रोजी तो गेला. चित्रपट दोन महिन्यांनी, २३ डिसेंबरला आला आणि त्यालाच अर्पण केला गेला. खेळाशी चित्रपट कितीही बेइमान असो, एका बापाने मुलांच्या खेळावर इतकी निष्ठा दाखवलेली दुसरीकडे मी पाहिली नाही. चित्रपटाने जगभरात खर्चाच्या अडीच पटींहून अधिक कमावलं. पुढच्या वर्षी त्या चित्रपटावरून, त्यातल्या नटांची छायाचित्रं वापरून, पुन्हा एक खेळ बाजारात आला.

‘मॉर्टल कोम्बॅट’ ऑगस्ट १९९५ मध्ये आला आणि चालला. सुमारे दोन कोटी डॉलरांत बनून १२ कोटींवर कमावलं. तो खेळाशी प्रामाणिक होता म्हणून चालला, असं सगळीकडे लिहिलेलं असतं. पण हा खेळ कशासाठी प्रसिद्ध होता? रक्तासाठी. प्रतिस्पर्ध्याचं काळीज उपटण्यासाठी. त्यावरून डिसेंबर १९९३ मध्ये अमेरिकन सिनेटमध्ये सुनावण्या झाल्या आणि पुढच्या वर्षी खेळांना वयाची प्रमाणपत्रं देणारी व्यवस्था आली. चित्रपटाने मुलांना प्रवेश मिळावा म्हणून ते रक्त जवळपास पुसून टाकलं. खेळाची सर्वांत मोठी ओळख सोडूनही कोणी तक्रार केली नाही, कारण खेळाचा साचा जागेवर होता: बेटावर स्पर्धा आहे, लढवय्ये येतात, एकेक लढत होते. ही स्पर्धा खेळातच असल्यामुळे लेखकांना कारण शोधावं लागलं नाही. चाचणी प्रेक्षकांनी मारामाऱ्या कमी पडल्याचं सांगितलं, तर निर्मात्यांनी परत जाऊन आणखी चित्रित केल्या. मारिओच्या निर्मात्यांनी प्रेक्षक नसतानाच पटकथा बदलत ठेवली. यांनी प्रेक्षकाचं ऐकून बदल केला.

मग १९९८. जॉर्ज रोमेरो, ज्याने १९६८ मध्ये चालत्या प्रेतांचा चित्रपट जन्माला घातला. ‘रेसिडेंट ईव्हिल’ हा खेळच त्याच्या चित्रपटांच्या ऋणात होता. त्याने या खेळाच्या दुसऱ्या भागाची जपानमधली जाहिरात केली होती, आणि जर्मन निर्मितीसंस्था कॉन्स्टँटिनने त्याला पटकथा लिहायला दिली. स्वतः खेळणारा नसल्याने त्याने आपल्या सहायकाला अख्खा खेळ खेळायला लावून त्याचं चित्रण करून घेतलं आणि ते पाहत लिहिलं. खेळातला वाडा, खेळातली ख्रिस आणि जिल ही पात्रं, सगळं त्यात होतं. कॅपकॉमच्या योशिकी ओकामोतोने ती पटकथा चांगली नसल्याचं जाहीर सांगितलं आणि रोमेरो बाहेर गेला. ज्याला चाहते आजही हळहळून ‘खरा’ चित्रपट म्हणतात, तो खेळ बनवणाऱ्यांनाच पसंत नव्हता. त्याच्या जागी आलेल्या पॉल अँडरसनने, ‘मॉर्टल कोम्बॅट’च्याच दिग्दर्शकाने, कुठल्याही खेळात नसलेली अॅलिस नावाची नायिका उभी केली. मिला योव्होविचची ही अॅलिस २००२ पासून सहा चित्रपट चालली आणि त्यांनी मिळून १२० कोटी डॉलरांवर कमावलं. मला ते चित्रपट आवडत नाहीत. पण अॅलिसने एक केलं: खेळ समजावून सांगायचा प्रयत्नच सोडून दिला.

याच सुमारास खुद्द खेळाच्या निर्मात्यानेही वाट सोडली. ‘फायनल फँटसी’चा जनक हिरोनोबू साकागुची २००१ मध्ये संगणकावर रचलेला चित्रपट घेऊन आला. त्यात तलवारी नव्हत्या, मंत्र नव्हते, चोकोबो पक्षी नव्हते; होती २०६५ मधली उद्ध्वस्त पृथ्वी. १३ कोटी ७० लाख डॉलर गेले, साडेआठ कोटी आले, आणि होनोलुलूमधला स्टुडिओ बंद झाला. मूळ लेखक असला म्हणून पडद्यावर तो मुळाला धरून राहील, याची खात्री नसते.

पुढची दोन दशकं मी इथे भराभर ओलांडतो, कारण त्यात बरंचसं जर्मन करसवलतींवर उभं राहिलेलं, घाईचं काम आहे. २०१९ मध्ये मात्र पारडं फिरलं. ३० एप्रिलला ‘सॉनिक’ या खेळावरच्या चित्रपटाची झलक आली. निळ्या काटेदार प्राण्याला माणसासारखे दात दिसल्यावर चाहते इतके संतापले की दिग्दर्शक जेफ फाउलरने दोन दिवसांत रूप बदलण्याचं वचन दिलं. प्रदर्शन नोव्हेंबरवरून फेब्रुवारी २०२० वर गेलं आणि चित्रपट चालला. खेळणाऱ्यांचा शब्द चित्रपट तयार होत असतानाच ऐकला गेला.

एप्रिल २०२३ मध्ये निन्टेन्डोने इल्युमिनेशनबरोबर मारिओचा नवा अॅनिमेशनपट आणला. निर्मात्यांत मियामोटो स्वतः होता. जगभरात सुमारे १३६ कोटी डॉलर. गंमत म्हणजे सांगाडा १९९३ चाच: ब्रुकलिनमधले दोन प्लंबर भाऊ दुसऱ्या जगात जाऊन पडतात. फरक आहे तो सुरुवातीच्या एका दृश्यात. कामाला उशीर झालेले भाऊ ब्रुकलिनच्या रस्त्यांवरून पळतात, मारिओ बांधकामाच्या परांच्यांवरून आणि कठड्यांवरून टणाटण उड्या मारत जातो, आणि कॅमेरा खेळातल्यासारखा बाजूने सरकतो. त्याला बूट लागत नाहीत. कोणी विचारत नाही तो इतका कसा उडतो.

मला तो चित्रपट पाहताना आनंद झाला, आणि थोड्याच वेळात कंटाळाही आला. सगळं जिथल्या तिथे आहे. कॅसल हेनच्या कारखान्यातलं ते बुरशीने भरलेलं शहर कुणाला सुचणारही नाही इतकं नीट. त्या जुन्या चित्रपटाला आता स्वतःचे चाहते आहेत. २०१९ मध्ये त्यांना कापाकापीआधीच्या आवृत्तीची एक व्हिडिओ टेप मिळाली, ती त्यांनी खपून दुरुस्त केली आणि २०२१ मध्ये सुमारे वीस मिनिटांच्या वगळलेल्या दृश्यांसह सर्वांना पाहायला खुली केली.

त्या जुन्या चित्रपटाबद्दल लेग्विझामोचंही मन बदललं. कोलंबियात जन्मलेल्या, क्वीन्समध्ये वाढलेल्या या नटाला लुइजी करण्यासाठी मॉर्टन आणि जँकेल स्टुडिओशी भांडले होते. एका लॅटिन तरुणाला इतकी मोठी भूमिका तेव्हा सहज मिळत नव्हती. खेळातला लुइजी इटालियन, म्हणजे तीही मूळ सोडून घेतलेली निवड. नव्या चित्रपटातल्या मुख्य भूमिकांत लॅटिन नट नाहीत, आपण मागे गेलो, असं तो म्हणाला, आणि तो चित्रपट पाहायला त्याने नकार दिला.